शिडी धरायला एक माणूस

टॉलेरुडांच्या घरी पुढच्या दारावर कोणी टकटक करत नाही. ओळखीचं माणूस मागच्या दाराने येतं, पायरीवर बूट काढतं, "आहात का घरात?" एवढं म्हणून स्वैपाकघरातल्या खुर्चीत बसतं. पुढचं दार वाजलं तर पाद्री असतो, पोलीस असतो, नाहीतर धर्माची पत्रकं वाटणारी परगावची पोरं. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सकाळी पुढचं दार वाजलं तेव्हा ओटच्या लापशीत फिरणारा आर्डिसचा डाव तिथल्या तिथे थांबला.

तिचा नवरा व्हर्लिन टेबलापाशी बसून रबराच्या पट्ट्या कापत होता. काचेवरून पाणी ओढायच्या दांड्याला ही पट्टी बसवतात, आणि तिची धार जरा जरी मऊ झाली तरी काचेवर रेघ उमटते. एकाहत्तराव्या वर्षीही पट्ट्या तो स्वतःच्या हाताने कापून त्याच्या नावाने काम करणाऱ्या चौघांना पाठवायचा. त्याने मान वर केली नाही. "पुढून कोण आलं? कोणी गेलं की काय?"

"गेलं असतं तर फोन आला असता," असं म्हणत आर्डिस दाराकडे गेली.

दारात रोंडा पेल्टोला उभी होती. निळं जाकीट, छातीवर पांढऱ्या दोऱ्याने 'टॉलेरुड' शिवलेलं. डाव्या मनगटाचं प्लास्टर निघालं होतं आणि तिथली कातडी कोबीच्या आतल्या पानासारखी फिकट दिसत होती. उजव्या हातात तिने एक फाइल छातीशी धरली होती.

"अगं, मागून यायचं सोडून इकडून कुठे आलीस? दार फुगलंय ते, उघडता उघडता माझा खांदा निखळला."

"आज कामाने आलेय, आर्डिस. म्हणून पुढून आले."

सात वर्षांत ही बाई या घरी कामाने अशी कधी आली नव्हती. बादली मागायला आली, पट्ट्या न्यायला आली, नवऱ्याशी भांडून रडायलाही आली, पण आली ती मागच्या दारानेच.

"भोपळ्याचा केक घे," तिला टेबलाशी बसवत आर्डिस म्हणाली.

"नको हो, आत्ताच खाऊन निघाले."

"अर्धा तुकडा."

"नको, खरंच. उगाच तुम्हाला बशी धुवायला."

"मग ही कडेची वडी तरी. वाळून चाललीय."

"बरं, चतकोर द्या."

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथ गावातल्या त्या टेकडीवर आग्रहाची रीत अशीच आहे. पहिला नकार हा शिष्टाचार, दुसराही शिष्टाचारच, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे येतं ते खरं उत्तर. पहिल्या नकारावर बशी उचलणारा माणूस उद्धट ठरतो. चौथ्यांदा विचारणारा बहुधा शिकागोचा असतो. लहान पोरांनाही हे कोणी शिकवावं लागत नाही. दुधाबरोबरच पोटात जातं.

रोंडाने केक खाल्ला, बोटं पुसली आणि फाइल टेबलावर ठेवून व्हर्लिनच्या दिशेने सरकवली. कापलेल्या पट्ट्या बाजूला ढकलत ती त्याच्या हातापाशी येऊन थांबली.

"परत करायला आणलीय," ती म्हणाली.

व्हर्लिनने फाइल उघडली नाही. आत काय आहे ते त्याला पाठ होतं. टेकडीच्या पूर्व बाजूचे रस्ते, त्यांवरची घरं, दोन शाळा, एक चर्च. या सगळ्यांच्या काचा पुसायचं काम रोंडाचं, नाव टॉलेरुडचं, महिन्याचा ठरलेला हिस्सा टॉलेरुडला. खाली दोघांच्या सह्या आणि वकील हॅग्लंडचा शिक्का.

व्हर्लिन टॉलेरुडने काचा पुसायला घेतल्या तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. शेतावरून आलेला, बोलायला लाजणारा, पण हात असा की दुकानदार आपलं काम सोडून बघत राहायचे. एकदा पट्टी काचेला टेकली की खालच्या कोपऱ्यापर्यंत उचलायचा नाही. नागमोडी जायचा, आणि मागे काच अशी राहायची जणू तिथे ती नाहीच. घरच्या काचांचं मात्र विचारू नका. दिव्याखाली अंधार. आर्डिसच्या स्वैपाकघराच्या खिडकीवर माश्यांचे डाग उन्हाळाभर असायचे आणि ती कोणी पाहुणा आला की तिथे कुंडी सरकवायची.

काम वाढलं तसा त्याने आर्डिसचा धाकटा भाऊ डेल्मर याला पगारावर ठेवला. डेल्मर हसरा आणि बडबड्या होता, सरळ चालणं त्याला माहीत नव्हतं. टेकडीवरची घरं अशी की पुढून एकमजली दिसतात आणि मागून तळ्याकडे तीन मजले उतरतात. शिडीचा एक पाय दगडावर, दुसरा उतारावर. म्हणून व्हर्लिनचा नियम होता, एकाने चढायचं आणि दुसऱ्याने खाली शिडी धरायची. डेल्मर वरून ओरडायचा, "मेहुण्या, झोपलास का? शिडी घोरतेय." व्हर्लिन उत्तर द्यायचा नाही. त्याचं सगळं लक्ष त्या दोन दांड्यांत असायचं.

डेल्मर पडला तो चर्चच्या मागच्या बाजूला, छपराखालच्या गोल खिडकीवरून. एका बाईचं अंत्यविधीचं जेवण होतं त्या दिवशी. तळघरात बायका कॉफी आणि सँडविचं करत होत्या आणि आर्डिस त्यांच्यातच होती. शिडीपाशी कोणी नव्हतं. व्हर्लिन कॉफी प्यायला आत गेला होता. पोलिसांच्या कागदावर त्याने तसंच लिहून दिलं: मी कॉफी प्यायला गेलो. गावाने त्याला बोल लावला नाही. त्या गावात बोल लावायची पद्धत नाही. घरी गरम जेवणाची भांडी आणून ठेवतात आणि पावसापाण्याचं बोलतात. डेल्मरची भांडी अठरा आली. आर्डिसने ती धुऊन, ज्याच्या त्याच्या नावाची चिकटपट्टी लावून परत केली.

त्यानंतर व्हर्लिनने कुणाला पगारावर ठेवलं नाही. दहा वर्षं तो एकटा राबला आणि जमिनीवर पाय ठेवून जेवढं पुसता येतं तेवढंच पुसलं. वरच्या काचांचं काम आलं की "नाही जमायचं" म्हणायचा. लोक म्हणायचे, अरे एक माणूस ठेव, तुझ्या नावाला लोक रांग लावतात. तो मान हलवायचा आणि निघून जायचा. घरी आर्डिस काही म्हणायची नाही. भावाचं नाव त्या घरात निघायचं ते वर्षातून एकदा, थडग्यावर फुलं ठेवताना, आणि तेही "तिकडे जाऊन येऊ" एवढ्यातच.

मग वकील हॅग्लंडने त्याला फ्रँचायझीची वाट दाखवली. माणूस ठेवायचा नाही ना? ठेवू नकोस. गाव चार तुकड्यांत वाट. प्रत्येक तुकड्याचा एक मालक कर. बादली तुझी, जाकीट तुझं, नाव तुझं, शिकवणं तुझं. चढणं, उतरणं आणि पडणं त्याचं. "फक्त एक लक्षात ठेव," वकील म्हणाला होता, "एकदा शिकवून झालं की त्यांच्या कामाच्या जागी पाऊल ठेवायचं नाही. ज्या दिवशी तू त्यांची शिडी धरशील त्या दिवशी कोर्ट म्हणेल, हा मालक आणि ती याची माणसं."

त्या संध्याकाळी व्हर्लिन घरी आला तो वीस वर्षांनी तरुण होऊन. शिक्षा माफ झालेल्या कैद्यासारखा जेवला. आर्डिसला वाटलं, बरं झालं बाई, सुटला एकदाचा.

गॅरेजमध्ये त्याने दुकानाची जुनी काच चौकटीत उभी केली आणि आठ-आठ आठवडे एकेकाला शिकवलं. साबण किती, मनगट कसं फिरवायचं, थंडीत पाण्यात काय घालायचं. शिकवणीच्या वहीत दुसऱ्याच पानावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: वीस फुटांच्या वर दोन माणसं. पण दुसरा माणूस कोण, ते वहीत कुठेच नव्हतं. चार मालक, चार तुकडे, चार शिड्या. प्रत्येक शिडीवर एक माणूस आणि खाली गवत.

हे आर्डिसच्या ध्यानात आलं ते फार उशिरा. शेजारीण एकदा कुंपणावरून सहज म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची गाडी हल्ली त्या पेल्टोला बाईच्या कामाच्या घरांसमोर फार दिसते हो." आर्डिस हसली. पण पुढच्या वेळी तो "जरा चक्कर मारून येतो" म्हणाला तेव्हा तीही कोट चढवून शेजारी जाऊन बसली. त्याने गाडी रस्त्याच्या पलीकडे एका झाडाखाली लावली. समोर रोंडा दुसऱ्या मजल्यावर पुसत होती. व्हर्लिनने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बोटांचे सांधे पांढरे झाले. रोंडा उतरून गवतावर उभी राहीपर्यंत त्याने पकड सैल केली नाही, आणि ती उतरल्यावर हात काढून मांडीवर पुसले. आर्डिसला समजलं की शेजारणीचा संशय खरा असता तर सोपं झालं असतं.

परत येताना दोघांनी बटाटे घेतले.

आता टेबलावरच्या फाइलकडे बघत व्हर्लिन म्हणाला, "मनगटामुळे?"

"मनगट जोडलं गेलंय. डॉक्टर म्हणतात, काम करा." रोंडाने हात उलटसुलट करून दाखवला. "गुरुवारी चर्चचं काम आहे. शब्द दिलाय, तेवढं करते. लांब दांडीच्या ब्रशने होत नाही तिथे, जुन्या काचा आहेत, त्या जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांतून पाणी आत झिरपतं. हातानेच पुसावं लागतं. ते झालं की फाइल तुमची."

"मग पुढे काय करशील?"

"तेच विचारायला आलेय. मला नोकरीवर ठेवा."

व्हर्लिनने कात्री खाली ठेवली.

"मालकीण नको मला," रोंडा म्हणाली. "सात वर्षं मालकीण आहे. कशाची? एका बादलीची. आमचे हे म्हणतात, आमच्या घरी उद्योगपती आहे, मोजे तेवढे स्वतः धुते. पगार द्या, आणि शेजारी एक माणूस द्या. बस."

"मी माणसं ठेवत नाही."

"माहितीय. सगळ्या गावाला माहितीय. का ठेवत नाही ते मात्र कोणी सांगत नाही. मी विचारलं तर लोक पावसापाण्याचं बोलायला लागतात."

आर्डिस चुलीकडे वळली. लापशी तळाला धरली होती. ती डाव घेऊन खरवडायला लागली.

"वहीत तुम्ही लिहिलंय, वीस फुटांच्या वर दोन माणसं," रोंडाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मी दर वेळी वाचते आणि हसते. पहिलं माणूस मी, दुसरंही मीच. सप्टेंबरात पडले तेव्हा वर मी होते, खाली शिडी धरायला पण मीच असायला हवं होतं. थोडं धावत यायला जमलं नाही, एवढंच."

कोणी हसलं नाही.

"आणि आणखी एक विचारते. रागावू नका. मी पडले आणि डोळे उघडले तर तुम्ही माझ्याजवळ गुडघ्यावर बसला होतात. श्वास लागला होता तुम्हाला. मी प्लास्टर घालून दीड महिना घरात पडून होते, तेव्हा छताकडे बघून बघून हिशोब लागला. तुमचं घर तिथून तीन मैल. तुम्ही समोरच होतात ना? गाडीत?"

व्हर्लिनने खाली ठेवलेली कात्री उगाच सरळ केली.

"बघत होतात तुम्ही."

"हो."

"मग उतरायचं होतं."

एवढंच ती म्हणाली, आणि त्यात तक्रारही फारशी नव्हती. पण चुलीपाशी उभ्या आर्डिसला वाटलं, गेल्या तीस वर्षांत या घरात कोणी बोललेलं हे पहिलंच सरळ वाक्य असावं.

व्हर्लिनने कापलेली एक पट्टी उचलली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली. मग खिडकीकडे बघत बोलायला लागला, जसं कोणी दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं. डेल्मर कोण होता ते सांगितलं. चर्च सांगितलं, गोल खिडकी सांगितली. रोंडाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तीच खिडकी गुरुवारी तिची होती.

"मी त्याला म्हटलं, थांबतो, शिडी धरतो," व्हर्लिन म्हणाला. "तो म्हणाला, नको, तू जा, कॉफी पी. मी म्हटलं, अरे उतार आहे, धरतो ना. तो म्हणाला, जा रे बाबा, माझी बहीण ओरडेल, कॉफी निवतेय. म्हणून गेलो."

त्याने पट्टी पुन्हा बोटाभोवती गुंडाळली.

"दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तो 'बरं' म्हणाला असता. सगळेच म्हणतात."

आर्डिसचा डाव पातेल्याच्या तळावर फिरत राहिला. कॉफी निवतेय असं तळघराच्या दारातून तीच ओरडली होती. दोनदा ओरडली होती, दुसऱ्यांदा जरा चिडून. पोलिसांच्या कागदावर ते नव्हतं. 'मला बोलावलं' असं लिहायला एक ओळ लागली असती. ती ओळ त्याने लिहिली नाही, कधी बोललाही नाही, आणि तिने कधी विचारलं नाही. आजही त्याने सांगितलं ते असं, की जणू डेल्मरनेच बहिणीचं नाव मधे घेतलं असावं. एवढ्या वर्षांत रोज सकाळी या माणसाला कॉफी ओतून देताना आपला हात मनगटापाशी का जड होतो, ते तिला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, हे मात्र तिला आता कळलं.

तिने चूल बंद केली. लापशी कामातून गेली होती.

"मला हे माहीत नव्हतं," रोंडा अखेर म्हणाली.

"तुला कोण सांगणार?"

"म्हणून माणसं ठेवत नाही तुम्ही."

"मला वाटलं, ज्याची त्याची शिडी झाली की ज्याचं त्याचं पडणं होईल. कागदावर तसंच आहे. हॅग्लंडने चांगला कागद केलाय." त्याने फाइलवर हात ठेवला. "तू पडलीस तेव्हा मी कागदाबद्दल काही म्हणत नव्हतो, रोंडा. रस्ता ओलांडताना मी एवढंच मोजत होतो की तू कितव्या पायरीवर होतीस."

बाहेर तळ्यावरून वारा सुटला होता. मागच्या अंगणात हिवाळ्यात खिडक्यांवर बाहेरून बसवायच्या जादा काचांच्या चौकटी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या एकमेकींवर आपटत होत्या. अजून लावायच्या राहिल्या होत्या. दर वर्षी गावाच्या लागायच्या आणि मग घरच्या.

रोंडा उठली. बशी उचलून मोरीकडे नेली, नळाखाली धरली आणि जागेवर ठेवली. मग जाकिटाची चेन वर ओढली.

"मी काही तुम्हाला दुखवायला आले नव्हते," ती म्हणाली. "फाइल राहू द्या इथे. गुरुवारी मी हळूहळू करेन. वारा असला तर शुक्रवारी करेन. पाद्री काही म्हणणार नाही."

पुढच्या दारापाशी काढलेले बूट उचलून ती या वेळी मागच्या दाराकडे वळली. व्हर्लिन उठला. उठताना टेबलाचा आधार घेतला, गुडघे कडकड वाजले, आणि कापलेल्या पट्ट्या जमिनीवर सांडल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत.

"गुरुवारी मी येतो," तो म्हणाला.

"नको हो, कशाला. हॅग्लंड काय म्हणेल? कागद फुकट जाईल तुमचा."

"शिडी धरायला येतो."

"अहो, गुडघे बघा तुमचे. आणि थंडी किती पडलीय. मी करते, उगाच तुम्हाला त्रास."

आर्डिस चुलीला पाठ लावून उभी होती. हातात कॉफीची किटली होती, रिकामी. तिने मनात मोजलं: दोन. तिला वाटलं आपण काहीतरी म्हणावं, मदत करावी, नाहीतर दोघांना पुन्हा बसवावं आणि केक पुढे करावा. तिने तोंड उघडलं नाही. तिचं तेव्हाच ओरडून झालं होतं.

रोंडाने बुटात पाय घातले. एका हाताने नाड्या बांधायला तिला वेळ लागत होता. डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं. व्हर्लिन तिच्याकडे बघत उभा राहिला. दाराची मूठ तिच्या हातात आली तेव्हा तो पुन्हा बोलला. आवाज मोठा नव्हता. त्याने तोंडातून एकेक शब्द असा काढला, जसा शिडीचा एकेक पाय दगडावर टेकवून बघावा.

"रोंडा, मी वर बघून सूचना देणार नाही. पट्टी कशी धरायची ते सांगणार नाही. माझे हात आता कामाचे नाहीत, पण माझं वजन अजून कामाचं आहे. मला दुसरं काही नको. गुरुवारी तू वर असशील तेवढा वेळ खाली शिडी मला धरू दे."